उणे सातावर कुणीतरी उभं आहे

कोण बोलतंय म्हणून मागे वळून बघू नका. खाली बघा, पायाशी. मी नवार बोलतेय.

नवार म्हणजे काय, हे हल्ली सांगावं लागतं. लोखंडी खाटेवर उभी-आडवी विणतात ती सुती पट्टी, चार बोटं रुंद. गादीवर लोळून वाढलेल्या पिढीला आमची ओळख कुठून असणार? असो. बिबवेवाडीतल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या घरात माझं आयुष्य गेलं. अजून जातंय.

मला भीमरावांनी बोहरी आळीतून आणलं. कारखान्यातून सुटल्यावर सायकलच्या हँडलला अडकवून आणलं, आणि त्याच संध्याकाळी खाट विणली. टाचेनं दाब देऊन अशी ताणली की मी महिनाभर कण्हत होते. पुढे कितीतरी वर्षं मी त्यांची पाठ झेलली. एका सकाळी हिरा, म्हणजे त्यांची बायको, चहा घेऊन आली आणि कप हातातच राहिला.

तेव्हापासून मला एक गोष्ट कळते. झोपलेला माणूस माझ्यावर टेकतो. गेलेला माणूस माझ्यावर पडतो. वजन तेवढंच असतं, पण फरक मला कळतो. तुम्ही विश्वास ठेवा न ठेवा, मला काय करायचंय!

खाट भंगारात गेली. मीही जाणारच होते, पण त्यांच्या सुनेनं, सत्यशीलानं, मला जिन्यातून परत वर आणलं. "आई, ही नवार मला द्या. कामाची आहे."

"मेलेल्या माणसाच्या खाटेची नवार घरात ठेवतीस?" हिरा म्हणाली.

"आई, आपण असलं मानतो का?"

"मानत न्हाई गं. पण धुऊन तरी घे."

सत्यशीला घरी गणिताचा क्लास घेत असे. तिनं मला धुतलं, वाळवलं, पंधरा-सोळा हात लांबीचा एक तुकडा कापला आणि नवऱ्याच्या, संतोषच्या, ऑइलपेंटच्या डब्यातून माझ्यावर आकडे काढले. मधोमध शून्य. एकीकडे एक ते पंधरा, हिरवे. दुसरीकडे उणे एक ते उणे पंधरा, लाल. एकेक घर एक वीत.

मला अंथरायची जागा ठरलेली होती. हॉलच्या खिडकीपाशी माझं अधिक पंधराचं टोक. तिथून मी सरळ आत जायची, हॉल आणि पॅसेज यांच्यामधल्या चौकटीत माझं शून्य यायचं, आणि पुढे पॅसेजमध्ये, बाथरूमच्या दारापर्यंत, सगळे उणे. हिरवे आकडे उजेडात आणि लाल आकडे अंधारात. सत्यशीलानं हे ठरवून केलं नव्हतं, घरच तसं होतं.

क्लासचा नियम साधा होता. पहिल्या संख्येवर उभं राहायचं. बेरीज असेल तर खिडकीकडे तोंड. वजाबाकी असेल तर तोंड फिरवायचं, पॅसेजकडे. मग पुढची संख्या साधी असेल तर सरळ चालायचं. ऋण असेल तर त्याच तोंडानं मागे मागे, उलट्या पावली.

या उलट्या पावलांना "भुताची चाल" हे नाव चैतालीनं दिलं. चैताली म्हणजे सत्यशीलाची थोरली मुलगी. भुताचे पाय उलटे असतात ना, म्हणून. मग काय विचारता! "तीन वजा उणे चार!" असं सत्यशीला म्हणाली की पोरं ओरडायची, "तोंड फिरव! भुताची चाल!" तिनावर उभं राहायचं, पॅसेजकडे तोंड करायचं, आणि चार पावलं मागे मागे, खिडकीच्या दिशेनं. आलं सात. उणे वजा केलं की वाढतं, हे शाळेत दोन वर्षं घोकून न कळलेली पोरं माझ्यावर एका दुपारी शिकायची. फुशारकी मारत नाही. मारली तरी तुम्ही काय करणार?

एक चूक मात्र प्रत्येक जण करायचा. सातातून तीन काढ म्हटलं की पोरगं सातावर उभं राहून मोजायचं, "सात, सहा, पाच. उत्तर पाच!" मग सत्यशीला टाळी वाजवून म्हणायची, "उभा आहेस ते घर मोजायचं नाही रे. पाऊल टेकेल ते मोजायचं." रोज म्हणायची. माझ्या धाग्याधाग्यात ते वाक्य मुरलं आहे.

चैताली ही चूक कधी करत नसे. ती एकदम वेगळी पोर. हातचा घ्यायचा तिला कंटाळा. म्हणून तिनं स्वतःचीच एक युक्ती काढली होती. माझ्यावर दोन पाय फाकवून उभी राहायची, एक तिनावर, एक आठावर, आणि दोन्ही पाय सारखेच सरकवायची. "बघ आई, अंतर तेवढंच राहतं. मग त्रेसष्ट वजा अठ्ठावीस कशाला करायचं? दोन घरं सरकव. पासष्ट वजा तीस. पस्तीस!" सत्यशीलानं त्या दिवशी तिची दृष्ट काढली. आपण असलं मानत नाही म्हणणारीनंच.

आणि चैतालीची एक जागा होती. उणे सात. पॅसेजच्या ऐन अंधारात, फ्रिजच्या आडोशाला. तिथे ती दबा धरून बसायची, आणि एखादं पोरगं वजाबाकी करत करत आत आलं की "भॉ!" पोरं किंचाळायची, सत्यशीला रागवायची, हिरा पदर तोंडाला लावून हसायची. आणखी मजा यावी म्हणून तिनं बापाकडून पॅसेजचा बल्बच काढून घेतला होता. "बाबा, मी सांगेपर्यंत लावायचा नाही हं." संतोष इलेक्ट्रिशियन. साऱ्या बिबवेवाडीचे दिवे लावणारा माणूस, पण लेकीच्या शब्दाखातर स्वतःच्या घरात अंधार ठेवला.

तिचं धाकटं शेपूट म्हणजे वल्लरी. चार वर्षांनी लहान. ताई जाईल तिथं ही. उणे सातावर ताईच्या मांडीवर बसून हिनं पण "भॉ" करायचं, तेही एक क्षण आधीच. सगळा खेळ मोडायचा.

मग त्या ऑक्टोबरात चैतालीला ताप आला. डेंग्यू. दवाखान्यातलं मी काही पाहिलं नाही. नंतर एका दुपारी सत्यशीला माझ्या गुंडाळीला टेकून बसली आणि संतोषला सांगत होती, तेव्हा ऐकलं. रोज सकाळी सिस्टर प्लेटलेट्सचा आकडा सांगायच्या, आणि चैताली पडल्या पडल्या वजाबाकी करायची. "काल एक्क्याऐंशी हजार, आज अठ्ठेचाळीस. सरकव आई. त्र्याऐंशी वजा पन्नास. तेहेतीस गेल्या." दुसऱ्या दिवशी आकडा आला एकोणीस. "एक घर सरकव. एकोणपन्नास वजा वीस. एकोणतीस गेल्या." आणि मग जिभेनं दाढ हलवत पडून राहायची. तिची शेवटची दुधाची दाढ हलत होती तेव्हा. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी आकडा सांगितला, तेव्हा वजाबाकी करायला सत्यशीला एकटीच जागी होती.

"मी केली हो मनातल्या मनात," ती संतोषला म्हणाली. "सवयीनं केली. पोर समोर पडलीये आणि माझं डोकं वजाबाकी करतंय."

त्यानंतर तिनं क्लास बंद केला. वजा हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नाही. ती एका शाळेच्या लायब्ररीत नोकरीला लागली, जिथे गणित नाही. चैतालीचा फोटो मोठा करून संतोषनं चौकटीच्या वर, हॉलच्या बाजूनं लावला. खाली लिहिलं, कालकथित कुमारी चैताली, वय १३. लिहिणाऱ्यानं वय विचारलं तेव्हा दारात हिरा होती. तिनं सांगितलं, त्यानं लिहिलं. पॅसेजमध्ये बल्ब काही लागला नाही. "मी सांगेपर्यंत" असं ती म्हणाली होती, आणि आता कोण सांगणार?

मला दिवाणाखाली टाकलं. शून्यावर दुमडून, मग गुंडाळून.

आता ऐका, कारण हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी गुंडाळलेली होते, माझ्यावर कुणी चालत नव्हतं, तरी उणे सातावर वजन होतं. हलकं. टेकलेलं. पडलेलं नव्हे, टेकलेलं. दिवसा, भांडी वाजत असताना, टीव्ही चालू असताना, कधीही. मी काही भित्री नाही. माझ्यावर माणूस मेलाय. पण बाई गं, त्या वजनानं माझे धागे आवळून यायचे.

एका फेब्रुवारीत, दुपारी घरात सामसूम असताना, वल्लरीनं मला ओढून बाहेर काढलं. आजी पलीकडच्या खोलीत लवंडली होती. पोरीनं मला बरोबर जागेवर अंथरलं, शून्य चौकटीत, फोटोच्या खाली. आणि ती अंधारात जाऊन उणे चारावर उभी राहिली. त्या दिवशी तिला नऊ पूर्ण झाली होती.

"ताई, तू तेरा. मी नऊ. नऊ वजा तेरा. उणे चार," ती हळूच म्हणाली. मग मला पुन्हा दुमडून ठेवून दिलं.

पुढच्या वाढदिवसाला उणे तीन. त्याच्या पुढच्या वर्षी उणे दोन. मग उणे एक, चौकटीच्या अगदी आत, नजर वर, चौकटीकडे. कुणाला पत्ता नाही. ती पोर तिथं एकटी काय मोजतेय, ते मला कळत होतं. मला तोंड असतं तर ओरडून सगळं घर गोळा केलं असतं. नवारीला तोंड नसतं, हेच तर दुखणं आहे.

यंदा वल्लरी सातवीत. जानेवारीत शाळेतून निरोप आला, पूर्णांकांच्या वजाबाकीत ही मुलगी अगदीच अडते, घरी लक्ष द्या. गणिताच्या मॅडमची मुलगी! चार दिवस सत्यशीलानं तो निरोप तसाच ठेवला. पाचव्या दिवशी, वल्लरीचा वाढदिवस दोन दिवसांवर आलेला, ती गुडघे टेकून दिवाणाखाली वाकली आणि मला बाहेर काढलं.

"ये वल्लरी. उणे सहावर उभी राहा." मग ती थांबली. पुढचा शब्द चार वर्षांत तिच्या तोंडून निघाला नव्हता. शेवटी म्हणाली, "उणे सहा... वजा... उणे नऊ."

वल्लरी उणे सहावर गेली. पॅसेजकडे तोंड केलं. भुताची चाल. मागे मागे, उणे पाच, उणे चार, उणे तीन, उणे दोन, उणे एक. आणि थांबली.

"अजून चार पावलं आहेत," सत्यशीला म्हणाली.

"माहितीये."

"मग चाल की."

"नको."

सत्यशीलाला वाटलं पोर नियम विसरली. तिनं दुसरं गणित दिलं, पाच वजा आठ. वल्लरी पाचावर उभी राहायलाच तयार नाही. उणे दोन वजा पाच म्हटलं, तर सरसर चालत उणे सातावर. म्हणजे अंधारात कुठंही जाईल, उजेडात यायचं नाव नाही.

"हा काय हट्ट आहे गं? शाळेत पण असंच करतेस?"

"शून्य ओलांडायचं असलं की मी सोडून देते ते गणित," वल्लरी म्हणाली. "चालते ना मनात. मग येतं ते मध्ये."

"पण का?"

पोरगी उणे एकावर येऊन उभी राहिली. डोळे वर, चौकटीकडे. आणि मग तिचा बांध फुटला. "शून्यावर ताई आहे! ताई तेरा होती. मी परवा तेराची होणार. तेरा वजा तेरा. ती तिथंच थांबली ना, आई? मग मी पण थांबणार. आणि नाही थांबले, तर पुढच्या वर्षी मी तिच्यापेक्षा मोठी होणार. मग ती ताई कशी? मग मला ताईच नाही!"

सत्यशीला मटकन खाली बसली. बरोबर माझ्या पाचावर. तिचं रडणं माझ्यात झिरपत होतं. इतकी वर्षं पोर एकटी हे ओझं घेऊन चालत होती, आणि आई लायब्ररीत पुस्तकांना कव्हरं घालत होती. मला तिचा राग नाही येत. मला तिची कीव येते.

बऱ्याच वेळानं ती नाक पुसत म्हणाली, "तेरा कोण म्हणालं तुला?"

वल्लरीनं वर बोट दाखवलं. वय १३.

सत्यशीला त्या पाटीकडे बघत राहिली. रोज सकाळी ती तो फोटो पुसत होती. रोज. गणिताची मास्तरीण. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"आई!" तिनं हिराला हाक मारली. "आई, चैताली गेली तेव्हा किती वर्षांची होती?"

हिरा लसूण सोलता सोलता ताट घेऊनच बाहेर आली. "तेरावं लागलं होतं माझ्या पोरीला."

"लागलं होतं. पूर्ण नव्हतं झालं."

"मग? वर्षं मोजायची ती अशीच. लागलं की झालं. मला अठ्ठ्याहत्तरावं चालू हाय, मी अठ्ठ्याहत्तरच सांगते."

सत्यशीला उठली. वल्लरीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मी क्लासमध्ये काय ओरडायची गं रोज?"

"उभं आहात ते घर मोजायचं नाही."

"ताई तेराव्या घरात उभी होती. पण पूर्ण पावलं बाराच पडली होती. तेरावं उचललं होतं, टेकलं नव्हतं. बारा वर्षं आणि वर थोडे महिने, एवढं तिचं वय. आता तू सांग. तू आज किती?"

वल्लरीचे ओठ हलले. "तेराला दोन दिवस कमी."

"मग?"

हिशेब पोरीला आधी कळला, आईला नाही. तिची टाच माझ्यावर घट्ट रुतली. "म्हणजे... मी आधीच..."

"थांब, मोजू दे." सत्यशीला मनात मोजायला लागली, तसं तिचं तोंड पांढरं पडत गेलं. "तू ताईपेक्षा चार वर्षं आणि तीन आठवड्यांनी लहान. ती जाऊन चार वर्षं आणि तीन आठवडे झाले, त्या दिवशी तू तिच्याएवढी झालीस. दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दिवस. कुठं होतो आपण तेव्हा?"

"मांजरी गावाला. दीपमाला मावशीकडे."

"ऊस खात होतो."

"हो, आणि माझी दाढ पडली," वल्लरी म्हणाली. "शेवटची, दुधाची. उसात अडकून बसली होती. मावशी हसली किती!"

हे ऐकलं आणि सत्यशीलानं तोंडावर हात दाबून धरला. चैतालीची ती दाढ पडायचीच राहिली होती. हलत होती, ती जिभेनं ढकलत होती, आणि तशीच गेली. हे त्या घरात फक्त आई-बापाला माहीत होतं. आणि मला.

"तुझी पडली," ती कशीबशी म्हणाली. "तू पुढे आलीस, बाळा. ऊस खाता खाता आलीस. काही झालं नाही तुला. आणि मला कळलंसुद्धा नाही. माझी धाकटी थोरलीला मागे टाकून पुढे गेली आणि मी तिथं बसून उसाची चोयटी गोळा करत होते."

दोघी एकमेकींना धरून रडल्या. माझ्यावर इतकी माणसं रडली आहेत की माझा रंग विटला तर दोष कुणाला देऊ!

हिरा तशीच उभी होती, लसणाचं ताट घेऊन. सत्यशीला डोळे पुसून म्हणाली, "ते तेरा बदलून घेते मी. बारा करून घेते."

"न्हाई," हिरा म्हणाली. इतक्या जोरात की लसणाच्या पाकळ्या माझ्यावर सांडल्या. "हात लावायचा न्हाई. पोरीला किती मिळालं आधीच? तेरावं लागलं होतं. लागलेलं वर्ष तिचं होतं. ते कशाला वजा करता?"

मी त्या घरात इतकी वर्षं आहे, इतकं खरं वाक्य मी ऐकलं नव्हतं.

"आणि तू गं," हिरा वल्लरीकडे वळली, "ताई काय वयानं असती? माझा थोरला भाऊ गेला तेव्हा माझ्या कमरेएवढा पण न्हवता आजच्या हिशेबानं. मी म्हातारी झाले, दात पडले. तरी आठवण आली की 'दादा' म्हणूनच येती. कधी 'ए पोरा' म्हटलं न्हाई मी त्याला. परवा काय करायचं ते मुकाट कर. खीर करणार हाय मी."

परवाचा दिवस उजाडला. मी त्या गणिताच्या दिवसापासून अंथरलेलीच होते. गुंडाळायला कुणाचा हात धजला नव्हता. चार वाजता वल्लरी पांढरा फ्रॉक घालून आली, फोटोपुढे मेणबत्ती लावली, हात जोडले. मग बापाला म्हणाली, "बाबा, पॅसेजमध्ये बल्ब लाव."

संतोषच्या पिशवीत दहा बल्ब असतात कायम, पण तो हलेना.

"ताई म्हणाली होती ना, मी सांगेपर्यंत. आता मी सांगते. मला दिसलं पाहिजे."

त्यानं स्टूल ओढलं. उणे सातावरच ठेवावं लागलं, कारण होल्डर बरोबर वर आहे. तो हयातभर विजेशी खेळलेला माणूस, आणि एक बल्ब त्याला होल्डरमध्ये धड बसवता येईना. स्टूल हलत होतं, मी खालून जमेल तितकी घट्ट धरून होते. दिवा लागला. इतक्या वर्षांनी माझे लाल आकडे स्वच्छ दिसले. उणे सातावर जांभळ्या नेलपॉलिशचा एक ठिपका आहे. चैतालीनं आपल्या जागेची खूण म्हणून लावलेला तो ठिपका त्यांच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. सगळे त्या ठिपक्याकडे बघत राहिले.

"उणे सहा वजा उणे नऊ," सत्यशीला म्हणाली. या वेळी कुठेही अडली नाही.

वल्लरी उणे सहावर उभी राहिली. तोंड आत, बाथरूमकडे. तिच्या पुढ्यात, फक्त एका वितीवर, उणे सात. मग ती मागे मागे निघाली. भुताची चाल. उणे पाच. उणे चार. उणे तीन. उणे दोन. उणे एक. पाठीशी चौकट, चौकटीच्या वर फोटो.

मी श्वास रोखला होता. नवारीला श्वास नसतो म्हणता? मग काय रोखलं होतं मी?

तिनं टाच उचलली आणि शून्यावर टेकली. दोन्ही पाय. थांबली. आणि मी शपथेवर सांगते, उणे सातावरचं वजन हललं. मागे नाही, पुढे नाही. जागच्या जागी, टाचा उचलून चवड्यांवर, कुणी कुणाला उंच होऊन बघावं तसं.

मग एक. मग दोन. मग तीन. खिडकीतलं ऊन वल्लरीच्या पाठीवर पडलं.

"तीन," ती म्हणाली. ती रडत होती आणि हसत होती. "आई, बघितलंस का? मी पुढे आले. पण तोंड सगळा वेळ ताईकडेच होतं."

हिरानं तिला खीर भरवली. संतोष बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ बसला.

आता क्लास पुन्हा सुरू झालाय. पाच-सहा पोरं येतात. वल्लरी त्यांना सरकवायची युक्ती शिकवते आणि "ही माझ्या ताईची" असं ठणकावून सांगते. पोरं बूट घालून माझ्यावर चढतात, चिप्स सांडतात, शिस्त म्हणून नाही. मी विटले आहे, कडा उसवल्या आहेत. फार दिवसांची नाही मी.

फोटोखालचं तेरा तसंच आहे. आणि उणे सातावर अजून कुणीतरी उभं असतं. पोरं तिथून जाताना एखादं उगाच दचकतं, दिवा असूनही. मी काही बोलत नाही.

एकच मागणं आहे. मला अंथरलेली राहू द्या, पायाखाली तुडवा, पण पुन्हा शून्यावर दुमडून गुंडाळू नका. तसं दुमडलं की उणे सात आणि अधिक सात एकमेकांवर येतात. मग दिवाणाखालच्या त्या काळोखात कोण गेलं आणि कोण राहिलं, हे माझं मलाच कळत नाही.